डायरीत नोंद नसलेली ड्युटी

ठाण्यातली प्रत्येक गोष्ट स्टेशन डायरीत लिहावी लागते. जी लिहिता येत नाही ती डोक्यात साठते आणि झोप लागू देत नाही! चहा निवायच्या आत चार-दोन सांगून टाकते. फोन वाजला की मला उठावं लागेल.

मी हवालदार, बाहीवर तीन फिती. एकदा तिसगावकडचे एक आजोबा तक्रार घेऊन आले. टेबलाशी मी एकटी. त्यांनी माझ्या मागं पाहिलं, दाराआड पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं.

"काय पाहिजे, बाबा?"

"तक्रार लिवायची हुती. कोनी मानूस न्हाई का?"

"मानूस रजेवर हाय. मी हाय, चालंल का?"

आजोबांनी पुन्हा एकदा दाराआड पाहिलं. मग बसले. "लिवा मग. पन नीट लिवा!"

*

आमच्याकडं नव्या फौजदार आल्या. वय सव्वीस, खांद्यावर दोन तारे. आमचे शिंदे काका सहायक फौजदार. त्यांचा एक तारा यायला बत्तीस वर्षं लागलेली. तरी सॅल्यूट असा कडक की खिडकीची काच हलली!

"जय हिंद, सर!"

"काका, मॅडम म्हणा."

"जमंल हळूहळू, सर!"

आठ दिवस काका येता-जाता 'मॅडम, मॅडम' घोकत होते. नवव्या दिवशी घरून फोन आला, तर काका खुर्चीतून ताडकन उठून म्हणाले, "जी, मॅडम!"

तासाभरात काकू ठाण्यात हजर. "कोन ही मॅडम?"

*

गणपतीच्या बैठकीला एका गावात गेलो. सरपंचांनी हार काकांच्या गळ्यात घातला आणि चहाचा ट्रे दिला मॅडमच्या हातात! काका गडबडीनं हार काढायला लागले. मॅडमनी मात्र एकेकाला कप दिला. शेवटचा सरपंचांना.

"चहा झाला. आता डीजेचं बोलू. वाजला की उचलून नेणार!"

त्या वर्षी गावात लेझीम होतं.

*

शनिशिंगणापूरला अमावस्येचा बंदोबस्त. बारा तास उभं राहायचं. पुरुष कुठंही आडोशाला जाऊन येतात. आम्ही बायका सकाळपासून पाणीच पीत नाही. दुपारी मला भोवळ आली, तशी फुलं विकणाऱ्या एक मावशी हाताला धरून घरी घेऊन गेल्या.

"घराला दार न्हाई आमच्या, पन मोरीला हाय. जा बिनघोर!"

बाहेर आले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

*

थांबा, फोन... नाही, मिस्ड कॉल. एक सांगते आणि निघतेच.

खर्ड्याकडच्या एका वस्तीवर पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावतायत, अशी खबर आली. ऊसतोडीला निघायच्या आधी पोर उजवून टाकायची घाई! मॅडम, काका आणि मी पोचलो, तेव्हा अंतरपाट धरलेला होता. मॅडमनी तो हातानं बाजूला सारला.

मांडव उसळला. पोरीची आई माझ्यावर धावून आली, कॉलर धरली. "माझ्या लेकीचं वाटोळं केलं गं!" शर्टाची दोन बटणं तुटली. तिचा नवरा, दीर, सगळे "सोड, सोड" म्हणून ओरडत होते. ती सोडेना. मला रेटत रेटत मांडवाच्या कडेला नेलं आणि माझ्या कानाला तोंड लावलं.

"सकाळीच फोन केल्ता म्या. इतका उशीर करत्यात व्हय, बाई?"