नळाला बांधलेली तार

माझ्या नवऱ्याला सल्ला द्यायची भारी हौस. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो मेकॅनिक होता, आणि घरी आला की आख्ख्या गल्लीचा मेकॅनिक. कुणी कुरकुरणारा पंखा दाखवायला यायचं आणि तासभर प्रवचन ऐकून जायचं. पाना कधी ढकलायचा नाही, आपल्याकडं ओढायचा. ढकलताना निसटला की बोटं भिंतीवर फुटतात. यंत्राजवळ जाण्याआधी अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, सगळं खिशात. काढलेले स्क्रू वर्तमानपत्रावर काढले त्याच क्रमानं मांडायचे. दहा नगांचा चकचकीत संच घेण्यापेक्षा एकच स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, पण चांगल्या पोलादाचा.

विजेचं निघालं की त्याचा आवाज बदलायचा. "आधी पायात रबरी चप्पल, मग टेस्टर, मग हात. टेस्टर नसंल तर हाताची मागची बाजू लावायची. तळहात लावला की करंट मूठ आवळून धरतो, सोडत नाय." मी चहा गाळता गाळता ते वाक्य त्याच्याआधी पूर्ण करायचे आणि तो चिडायचा. वाक्य मला पाठ होतं, पण पाठ असण्यापलीकडं त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तेही धार करंगळीएवढी. त्यामुळं प्रत्येक अंगणात मोटार. आमची मोटार त्यानंच बसवली होती. तिच्या अंगापासून एक उघडी तांब्याची तार काढून शेजारच्या लोखंडी पाइपाला गच्च आवळली होती. मला आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, समोर उभं करून त्यानं सांगितलं, "हा पाइप जमिनीतून पार रस्त्यापर्यंत गेलाय. उद्या मोटारीत करंट उतरला तर ह्या वाटंनं जमिनीत जाईल, तुमच्या अंगात येणार नाय. ह्या तारंला कुणीबी हात लावायचा नाय." आम्ही दोघींनी माना डोलावल्या. त्याच्या वस्तूंना हात लावायची सोय नव्हतीच. एकदा मी त्याची पक्कड नारळ फोडायला घेतली होती, तर दोन दिवस बोलला नव्हता.

काही वर्षांनी तोच पाइप गंजला. नळाला तांबडं पाणी यायला लागलं. गल्लीतल्या सगळ्यांची कामं करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरचा पाइप बदलायला सवड नव्हती. सहा महिने मी रोज आठवण करत होते आणि तो रोज म्हणत होता, "रविवारी बघू." शेवटी तो कामावर गेलेला असताना मी पलीकडच्या मोहल्ल्यातल्या प्लंबरचाचांना बोलावलं. जुने, सचोटीचे माणूस. त्यांनी रस्त्यापासून अंगणापर्यंतचा सडका पाइप कापून काढला आणि तिथं प्लास्टिकचा टाकला. मोटारीपासून पुढं न्हाणीपर्यंतचा लोखंडी पाइप धड होता, तो तसाच ठेवला.

काम करताना त्यांनी मला हाक मारली. "भाभी, ये तार कायकी है? निकालूं क्या?"

"नको, नको," मी स्वयंपाकघरातूनच ओरडले. "वो मत निकालो, उनकी है. गुस्सा करेंगे."

चाचांनी ती तार उरलेल्या लोखंडी तुकड्याला पुन्हा व्यवस्थित आवळून दिली. संध्याकाळी नवऱ्यानं येऊन सांधे तपासले, तार जागेवर आहे हे पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं, केलंस ते." त्याच्याकडून असं कौतुक वर्षातून एकदा मिळायचं. मी खूश होते.

पावसाळा सरत आला तेव्हा आत्याबाईंनी पहिल्यांदा सांगितलं, "पोरी, हाताला लई मुंग्या येतात गं."

त्यांना साखरेचा त्रास होता. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळं येतात मुंग्या, आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या न चुकता दिल्या. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा मुंग्या. "गोळ्या गिळल्या का नीट?" म्हणून मी त्यांच्यावरच डाफरायचे. त्या एवढंच म्हणायच्या, "न्हाणीत लई येतात." थंड पाण्यानं येत असतील म्हणून मी पाणी तापवून द्यायला लागले. मुंग्या पाण्याच्या दिवशीच येतात, मोटार चालू असतानाच येतात, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. अंगणातल्या तोटीखाली पाणी प्यायला येणारी मांजर यायची बंद झाली, तेही मला दिसलं. मी म्हटलं, बरं झालं, घाण करायची.

खंडेनवमीला नवऱ्याला सुट्टी होती. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि पूजेत बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा त्याच्या घराण्याचा नेम. सकाळीच त्यानं पाने, हातोडी, पक्कड, टेस्टर, सगळं रॉकेलनं पुसून पाटावर लाल कापडावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. "वर्षभर तेच राबतात आपल्यासाठी. एक दिवस त्यांनाबी इसावा पायजे."

तेवढ्यात पाणी आलं. पाण्याचा दिवस नव्हता; सण म्हणून सोडलं असावं. त्यानं मोटार लावली. मी न्हाणीत बादली लावायला गेले आणि नळाला ओला हात लावताच कोपरापर्यंत झिणझिणी गेली.

"अहो, नळात करंट आहे. टेस्टर लावून बघा."

त्यानं पाटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आज नाय. पूजेत बसलाय तो. उद्या सकाळी पहिलं काम तेच."

तरी तो उठला. पायात रबरी चप्पल घातली, हात टॉवेलानं कोरडे केले आणि हाताची मागची बाजू नळाला लावली. अगदी स्वतःच्या सल्ल्याबरहुकूम. "काय नाय. तुझ्या मनात मायच्या मुंग्या बसल्यात." मला हसू आलं. तो म्हणाला म्हणजे नसेलच, इतका माझा त्याच्यावर विश्वास होता.

नंतर आत्याबाई अंघोळीला गेल्या. अनवाणी, ओल्या शहाबादी फरशीवर. मी पुरणाला डाळ शिजवत होते. बादली कलंडल्याचा आवाज आला. मला वाटलं, सुटली हातातून. मग भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली. मोटारीची घरघर थांबली. त्या शांततेत माझ्या लक्षात आलं की न्हाणीतून कसलाच आवाज येत नाही.

त्या भिंतीशी पडल्या होत्या. नळाखाली हात, मूठ घट्ट मिटलेली.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. वय, साखर, कुणाला शंका यावी असं काहीच नव्हतं. पाचोडहून त्यांच्या माहेरची माणसं आली. "सणाच्या दिवशी गेली, भाग्याची," असं जो तो म्हणत होता आणि नवरा मान हलवत होता. ती मिटलेली मूठ त्यानंही पाहिली होती.

चौथ्या दिवशी पुन्हा पाणी आलं. सुतकामुळं पाट तसाच मांडलेला होता, झेंडू सुकला होता. त्यानं मोटार लावली, पाटावरून टेस्टर उचलला आणि न्हाणीत जाऊन नळाला टेकवला. मी दारात उभी होते. हळदीनं माखलेल्या त्या टेस्टरच्या पोटात लाल दिवा लागला.

त्यानं मोटार बंद केली आणि तो अंगणात गेला. उकिडवा बसून मोटारीपासून तार बघत बघत पाइपापर्यंत आला, लोखंड संपून प्लास्टिक सुरू होतं तिथं थांबला. प्लास्टिकनं वाट अडवली होती; मोटारीतला करंट त्या तारेनं जमिनीत गेला नव्हता. तो थेट न्हाणीतल्या नळात जात होता. मग त्यानं स्वतःच्या पायातल्या रबरी चपलांकडं पाहिलं. मी वाट पाहत होते की आता तो विचारेल, ही तार ठेवायला कुणी सांगितलं? मग मीही विचारलं असतं, टेस्टर मागितला तेव्हा का दिला नाही? त्यानं विचारलं नाही. मीही नाही. मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःची भीती वाटत होती.

गल्लीतले लोक अजून पंखे, इस्त्र्या घेऊन येतात. तो दुरुस्त करून देतो, सल्ला देत नाही. खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर मांडतो, टेस्टर तेवढा शर्टाच्या खिशात असतो.

आणि कुणीही, कुठंही, हाताला मुंग्या येतात म्हणालं, की मी आधी विचारते, तेव्हा मोटार चालू होती का?