यंत्राचा वाटा बारा जीबी

हळर्णची सुमन लग्न होऊन कोरगावला आली त्याला बावीस वर्षं झाली. हायस्कुलात कारकून आहे. घरी पेज वाढताना सगळ्यांचं झालं की तळाला उरेल ते आपलं, अशी तिची रीत. कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी सिस्टम घातली तेव्हाही तिने तसंच केलं. एकशे साठ जीबीची डिस्क. त्यातले कॉम्प्युटर चालवायला राबणाऱ्या सिस्टमला बारा दिले, बाकी सगळी जागा सासूच्या धालोगीतांच्या, पौषातल्या रात्री बायका फेर धरून म्हणतात त्या गाण्यांच्या, व्हिडिओंना.

सासू पद्मावती. बायका धालो खेळतात त्या मांडावर, त्या अंगणात, पहिलं गाणं तिनेच उचलायचं. दोन पौष सुमनने तिचं गाणं टिपून घेतलं आणि तिसऱ्याच्या आधी लकव्याने म्हातारीची वाचा नेली. आता तिची गाणी तेवढी त्या डिस्कवर होती. दुसरीकडे कुठेच नाही.

अपडेट येत गेले, बारा जीबी भरत आले. जागा संपत आल्याची सूचना आधी आठवड्याने दिसे, मग रोज. धालो दहा दिवसांवर आले असताना एका सकाळी कॉम्प्युटर उघडेचना. पासवर्ड घेई आणि परत तिथेच येऊन उभा राही.

डिचोलीचा मावसभाऊ साईश हीच कामं करतो. फोनवर तो ओरडलाच, "बारा? अगो, खुराड्यात म्हैस बांधलीस तू!"

"आता ती बाहेर कशी काढू ते सांग."

"कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून चालू करून डिस्कवरचा गाण्यांचा भाग मागे सरकवायचा, म्हणजे सिस्टमला जागा होते. पण चार-पाच तास लागतात. मध्येच लाईट गेली तर गाणी गेली म्हणून समज. मी रविवारी मोठी डिस्क घेऊन येतो. आधी कॉपी, मग काय ते."

रविवार चार दिवसांवर. सुमनला धीर निघेना. ती देवळात गेली, पुजाऱ्याकडून देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून प्रसाद, म्हणजे कौल, लावून घेतला. "हे काम करू का?" उजवी पाकळी लगेच पडली, म्हणजे होकार. आज करू की रविवारी, हे तिने विचारलंच नाही. देवाने विचारलं तेवढंच सांगितलं.

दुपारी बाराला तिने सुरुवात केली. नऊ टक्के. वीस. दीडला दिवा मिणमिणला. तिने फ्रिज, पंखे, सगळं बंद केलं. पस्तीस. अडीचला दिवा पुन्हा मिणमिणला, आणि गेला.

यूपीएस टूं टूं करू लागला. जुनी बॅटरी, फार तर दहा मिनिटं. तिने साईशला फोन लावला.

"थांबवू का रे?"

"आता थांबवलंस तरी तेच. रविवारी म्हटलं होतं ना गो मी..."

बेचाळीस टक्के. यूपीएसचा आवाज घाईघाईने येऊ लागला. आतल्या खोलीत पद्मावतीने खाटेवर हात आपटला, हे काय वाजतंय म्हणून. सुमन दारात जाऊन उभी राहिली.

"काही नाही आई. लाईट गेलीय."

म्हातारीने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. बाहेरच्या खोलीतला यूपीएसचा आवाज थांबला, कॉम्प्युटरची घरघरही.