गोलपुढचे खड्डे

विसरभोळ्यांनो, गेल्या वर्षी आपल्या फुटबॉल क्लबच्या पोरी जिंकल्या तेव्हा तलासरीच्या ज्या मैदानावर नाचलात, ते आठवतं का? मी सांगतेय, नात मनीषा लिहितेय. गोलमध्ये उभी राहते ती हीच.

आज सकाळी तिच्यासोबत सरावाला गेले. काल तिथे लग्न झालं. मांडव उचलून नेला, पण खांबांचे खड्डे तसेच. तेही गोलपुढे, जिथे ही बॉलवर झेप घेते.

नवरदेवाचा काका टेम्पोत खुर्च्या भरत होता. त्याला खड्डे दाखवले तर म्हणाला, "आजी, लग्न आयुष्यात एकदाच होतं."

"मग पोरींचा पाय रोज रोज मोडायचा का रे?"

हसला आणि टेम्पोत बसून गेला! माझी शेळी आत शिरली की हीच माणसं दगड घेऊन धावतात. तेव्हा मैदान सगळ्या गावाचं. खड्डे बुजवायची वेळ आली की फक्त पोरींचं?

उद्या वरोरच्या पोरी खेळायला येणार. कुणाचा पाय मुरगळला तर त्यांच्या आयांना काय सांगू?

आज संध्याकाळी घमेलं घेऊन माती टाकायला या. लग्नात जेवलेल्यांनी सगळ्यांच्या आधी यायचं. ज्यांची कंबर आजच दुखणार आहे, त्यांनी तांदळाच्या भाकरी आणि सुकटाची चटणी पाठवा. कालची उरलेली जिलेबी नको.