दवंडीचं जेवण

परवा, नाताळाच्या आदल्या दिवशी, आमच्या गावात एक गोष्ट घडली. तसं पाहिलं तर काहीच घडलं नाही... आणि तेच मनातून जात नाही.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून. तळ्याच्या पलीकडच्या काठावर सरकारी बंगला आहे. तिथं गेल्या वर्षापासून पोलंड नावाच्या देशातलं एक कुटुंब राहत होतं... साहेब, मडम आणि त्यांची लेक हान्या, जिची आमच्या बायकांनी हंसा करून टाकली होती. जमिनीखाली दगडी कोळसा कुठं आहे ते शोधायला साहेबांना आणलेलं.

मडम बोलकी. बायकांत बसून बसून आमचीच बोली शिकली. तळ्यावर दिसलो की लांबूनच हाक मारायची, "काऊन भाऊ, बरे आहा ना?" धुणं धुणाऱ्या बाया हसून हसून वाकायच्या.

साहेबांचं काम संपलं. नाताळाच्या दिवशीच सकाळी त्यांना जीपनं चांद्याला निघायचं होतं, तिथून रेल्वे, पुढे बोट. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्या गावाला जेवू घालायचं मडमच्या मनात होतं. तिच्या माहेरी या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं... मागच्या नाताळाला इथं तिघंच बसून जेवले होते.

सकाळी ती माझ्याकडे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मागायला आली. मी म्हटलं, भारा नेऊन देतो. तर नको, मूठभरच पाहिजे. जेवणाच्या टेबलावर कापडाखाली पसरायचं होतं... त्यांचा देव गोठ्यात जन्मला, त्याची आठवण म्हणून. मला ते फार आवडलं. जाताना म्हणाली, "भाऊ, सांजेले या. बाईले घेऊन या."

बाकी गावाला कसं सांगायचं? साहेबांनी पाहिलेलं की सरकारला काही सांगायचं असलं की कोतवाल दवंडी देतो. त्यांनी सदू कोतवालाला बोलावलं. सदूनं डफ बडवत गावभर ओरडून टाकलं, "आज सांजेले समद्यायनं बंगल्यावर यावं होऽऽ!" जेवणाचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

आमच्याकडे दवंडी म्हणजे शेतसारा, सभा, नाही तर टोचणी. मागच्या उन्हाळ्यात त्याच बंगल्यावर देवीची लस टोचली होती. दुपारी पाहतो तर शेजारची सखूबाई नातवंडांना घेऊन शेताकडे निघालेली.

"कुठी चालल्या बाई?"

"पोरायले लपवाले जी! मागच्या खेपेले दंड असा सुजला होता, की पुसू नका."

मी सांगितलं, जेवण आहे. ती म्हणाली, "हो, पह्यले जेवण, मंग सुई!" आणि चालायला लागली.

संध्याकाळी मी धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसलो. बायको सणाचं लुगडं नेसली.

आता आमच्या भागात जेवणाचं बोलावणं दोनदा येतं. आधी घरी येऊन सांगणं, ते मडमनं सकाळीच केलेलं, आणि पानं मांडली की पुन्हा माणूस येतो... "चला जी, पानं वाढली." त्या दुसऱ्या बोलावण्याआधी उठून गेलं तर यजमानाची धांदल उडते आणि गाव आपल्याला हावरा म्हणतं.

दिवस मावळला. पलीकडे मेणबत्त्या लागल्या, त्यांचा उजेड पाण्यावर हलत होता. पहिली चांदणी निघाली.

बायको म्हणाली, "आता जात काऊन नाई?"

"बोलावणं कुठी आलं अजून?"

"दवंडी झाली ना."

"दवंडीवर कोणी जेवाले जाते का? शिजत असन अजून."

"मंग बसा इथीच वाट पाहत. मी लुगडं बदलून घेते."

बसलो. पलीकडे एकेक मेणबत्ती विझत गेली...

काल सकाळी आम्ही दोघं निरोपाला गेलो. टेबल तसंच मांडलेलं. तळ्यातली मासळी, बटाटे, खीर... सगळं झाकून ठेवलेलं.

साहेबांनी मोडक्या हिंदीत सांगितलं. त्या दिवशी त्यांच्याकडे दिवसभर उपास असतो, पहिली चांदणी दिसली की सोडायचा. आपली चतुर्थी चंद्रावर सुटते, तशीच. चांदणी दिसली, पण मडम म्हणाली, पाहुणे येतील, थांबू. हंसा खुर्चीतच झोपून गेली.

मांडलेल्या ताटांच्या शेवटी एक ताट जरा वेगळं ठेवलेलं होतं. ते कोणाचं, मी विचारलं. साहेब म्हणाले, न बोलावता येईल त्याचं. त्यांच्या देशात त्या दिवशी घराघरात असं एक ताट मांडतात.



तेवढ्यात मडम बाहेर आली. "काऊन भाऊ, कोनी नाई आले?" बोली तीच, पण या वेळी कोणाला हसू आलं नाही.

"तुम्ही बोलावणं पाठवाल म्हणून वाट पाहत होतो बाई."

ती म्हणाली, "अन् मी तुमची."

बायकोनं तांदूळ-नारळानं तिची ओटी भरली. मडमनं फ्रॉकचाच घोळ पुढे धरला. जीप गेली, आणि मागून सखूबाई धापा टाकत आली. "जेवणच होतं म्हणून नीट सांगाचं ना रे सद्या!" सदू डफाकडे बघत उभा राहिला.

काल संध्याकाळी पुन्हा तिकडे गेलो. बंगल्याला अजून कुलूप नव्हतं. टेबलावरचं कापड तसंच होतं, हात फिरवला तर खाली माझ्याच शेतातलं तणस लागलं.

त्या शेवटच्या ताटाच्या जागी जाऊन बसलो. देवाचं नाव घेतलं. जिथं बोलावण्याची गरजच नव्हती अशी ती एक जागा होती... आणि तिथं मी एक दिवस उशिरा पोचलो.