एकोणीस नंबरच्या पोर्टचा दिवा

असल्या गोष्टी मी वाचते, पण मानत नाही. म्हणजे… "मानत नव्हते" असं लिहायला अजूनही हात धजत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही सांगताना आपलं चुकत तर नाही ना, अशी धास्ती असते. जे झालं तेवढंच लिहिते.

मी रत्नागिरीत शेवटच्या वर्षाला आहे आणि 'कमवा आणि शिका'मधून कॉम्प्युटर लॅबचं काम बघते. गेल्या ऑक्टोबरात आमच्या लॅबमध्ये नर्स भरतीची ऑनलाइन परीक्षा होती. आधीच्या परीक्षेला नेटवर्क बसलं होतं आणि सगळ्यांना पुन्हा कोल्हापूरला जाऊन पेपर द्यावा लागला होता. कारण नंतर कळलं. आमच्याकडे ढग गडगडले की आधी सगळ्या वायरी काढून ठेवतात. तशा त्या शिपाई नागवेकरमामांनी काढल्या, आणि परत लावताना एका वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या एकाच डब्यात, खोचली. झाला लूप! तेच ते संदेश गोल फिरत राहिले, बाकीच्यांना वाटच उरली नाही.

"लोंबत ठेवली असती तर तुम्हीच बोलला असता," असं मामा अजून म्हणतात.

म्हणून या वेळी लॅबच्या मॅडमनी मला स्विचच्या प्रत्येक पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या खाचेवर, लूप प्रोटेक्शन लावायला सांगितलं. त्यात स्विच स्वतःच्या खुणेचा एक छोटा संदेश प्रत्येक वायरीतून पाठवतो. तोच फिरून परत आला, तर लूप आहे असं समजून ते पोर्ट बंद करतो. सकाळी मी चोवीसही पोर्ट तपासले. सगळं ठीक होतं.

दोनला पेपर सुरू झाला. बाहेर पावस गावाहून आलेला एक माणूस चार महिन्यांचं बाळ खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. त्याची बायको आत पेपर देत होती. आत जाताना तिने मला विचारलं होतं, "आज नेट जाणार नाही ना गं? याला टाकून कोल्हापूरला नाही जमायचं मला." मी मोठ्या तोऱ्यात "नाही जाणार" म्हटलं होतं.

तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं. मामा दारात हजर.

"गो बाय, वायरी काढ. इजेचं लक्षण हाय."

"मामा, पेपर चालू आहे!"

"मग देवाचं नाव घे."

तेवढ्यात स्क्रीनवर दिसलं — पोर्ट १९, लूप, बंद. त्यावर परीक्षेचा एकही कॉम्प्युटर नव्हता. ती वायर अंगणापलीकडच्या एका बंद खोलीत जाते. पाच मिनिटांनी पोर्ट आपोआप सुरू झालं, हिरवा दिवा लागला… आणि पुन्हा लूप.

"तिकडे कुणीतरी काहीतरी खोचलंय. बघून ये," मॅडम म्हणाल्या.

मामांनी कुलूप काढलं. खोली रिकामी. वायरीचं टोक जमिनीवर पडलेलं. मी ते उचललं आणि मॅडमना फोन लावला.

"हा बघ, लागला दिवा… आणि परत लूप," त्या म्हणाल्या.

टोक माझ्या मुठीत होतं. पलीकडे काही जोडलेलं नसेल तर दिवा लागतच नाही, संदेश बाहेरच पडत नाही! अंगावर काटा आला. पण भीती नाही वाटली… गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर आपण आपोआप गप्प होतो ना, तसं काहीसं झालं.

"मॅडम, ती वायर स्विचमधून काढूनच टाका," मी म्हटलं. त्यांनी काढली.

आम्ही लॅबच्या पायरीवर पोचतो न पोचतो तोच वीज पडली — त्या खोलीला लागून असलेल्या माडावर. लाईट गेली, पण कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिले. नंतर बघितलं तर एकोणीसच्या वायरीची दोन्ही टोकं वितळून काळी झाली होती. ती स्विचमध्ये असती तर स्विच गेला असता, आणि पेपरही.

पेपर संपल्यावर ती बाई बाहेर आली, बाळाला घेतलं आणि मला म्हणाली, "तू म्हणालीस तसंच झालं गं."

पुढे स्विच बघायला आलेल्या माणसाला मी नोंदी दाखवल्या. "सॉफ्टवेअरमधला बग असेल," तो म्हणाला. असेल. पण नोंदीत स्विचची स्वतःची खूण आहे, तीनही वेळा, जशीच्या तशी. संदेश गेला आणि परत आला. कुठून परत आला, ते इथे कुणाला कळत असेल तर मला खरंच सांगा… मी शिकायला तयार आहे.