'नम्र विनंती' खोडणाऱ्या सुमनबाई

आमच्या सुमनबाई आज सकाळी गेल्या. आणि शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून नुसतं खोटं चाललंय.

"शांत, मितभाषी शिक्षिका."

मितभाषी? आमच्या बाई?

आणीबाणी नुकतीच उठली होती. आंधळगावच्या अलीकडचं आमचं गाव, मी सातवीत. बाईंनी गॅदरिंगसाठी भाषण लिहायला सांगितलं: आपली शाळा सुधारायला काय हवं?

सगळ्यांनी शेवटी लिहिलं, 'ही नम्र विनंती'. बाईंनी सगळ्यांचं लाल पेनने खोडलं.

"विनंती कायले? 'पाहिजे' लिहा. आणि काहून पाहिजे, तेही लिहा."

मी मुलींच्या मुतारीबद्दल लिहिलं. शाळेत नव्हतीच. आम्ही तलावाच्या पाळीआड, म्हणजे बांधामागे जायचो, नाहीतर दिवसभर पाणीच प्यायचो नाही. माझी मोठी बहीण याच पायी आठवीत घरी बसली. पुढचा नंबर माझा होता.

हेडमास्तरांनी माझा शब्द बदलून 'लघुशंकागृह' केला. पाहुण्यांसमोर बरं दिसतं म्हणे.

पाहुणे म्हणजे पंचायत समितीचे सभापती. माझं भाषण ऐकून माइकवर म्हणाले, मुलींच्या ज्या काही लघु शंका असतील त्या त्यांनी गुरुजींना विचाराव्या.

अख्खा मांडव हसला. मला रडू फुटलं.

बाई खुर्चीवरून उठल्या. "पोरी, आपल्या शब्दात सांग."

"साहेब, मुतारी. पोरींले मुतारी पायजे. नाही त मले घरी बसवतेत."

मग कोणी हसलं नाही.

परीक्षेआधीच बाईंची बदली झाली, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लाखांदूरच्या पलीकडे. कडेवर तान्हं मूल घेऊन त्या एसटीत चढल्या. आज ग्रुपवर हात जोडणाऱ्यांपैकी एकाच्याही घरून तेव्हा शब्द निघाला नाही. माझ्याही घरून नाही. त्याची लाज वाटते.

पुढच्या वर्षी मुतारी झाली. मी मॅट्रिक झाले.

पाटी लागली सभापतींच्या नावाची. आजही आहे.

मागे मी म्हटलं, बाईंचं नाव लावा. उत्तर आलं, मॅडम, मुतारीवर बाईंचं नाव शोभत नाही.

सभापतींचं बरं इतकी वर्षं शोभलं!

ग्रुपवाल्यांनो, फुलांचे फोटो पुरे. ती पाटी उतरली पाहिजे. तिथे बाईंचं नाव लागलं पाहिजे. काहून, ते वर लिहिलं आहे.

बाई, तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.

शेवटी 'नम्र विनंती' लिहिलेली नाही. तपासून घ्या.