मोहाच्या रकान्यातला निरंक

रेशनचा कारकून दारात उभा राहून म्हणाला, "घरात माणसं किती?" आणि मी त्याच्यावर वस्सकन ओरडलो. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. लढाईचे दिवस, साखर आणि रॉकेल माणशी मिळायचं, त्याला आकडा हवा होता. बायको हात पुसत बाहेर आली, तिनं आकडा सांगितला, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "जंगलात राहून रानटी झालात तुम्ही." मी परसात जाऊन उभा राहिलो. ज्याची उभी नोकरी मोजण्यात गेली, त्याला घरातली डोकी मोजवत नाहीत, हे तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिला मी ते कधीच सांगितलं नाही. इथे सांगतो.

मी जंगल खात्यात मोजणी कारकून होतो. शिरपूरच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो, तिथल्या दऱ्यांमध्ये आम्हाला पाठवलं होतं. वरून हुकूम आला होता की जंगलाचा नवा आराखडा करायचा. पुढच्या वर्षांत कुठली दरी तोडायची, कुठली राखायची, हे ठरवायचं. आणि ते ठरवण्याआधी आत काय काय उभं आहे ते बघायचं. म्हणजे झाडं मोजायची. एकूण एक. हुकूम लिहिणारा साहेब कधी सातपुडा चढला नसणार, नाहीतर त्याचा हात अडखळला असता.

काम असं चाले. चार माणसं ओळीनं दरीतून वर सरकायची. झाड आलं की छातीच्या उंचीवर खोडाला पट्टा गुंडाळायचा, झाडाचं नाव आणि जाडीचा वर्ग मोठ्यानं पुकारायचा, आणि खोडावर गेरूची रेघ ओढायची, म्हणजे तेच झाड दुसऱ्यानं पुन्हा मोजू नये. मी मधोमध, वही पोटाशी धरून. "साग, दोन!" "अंजन, तीन!" "धावडा, एक!" तिकडून हाक आली की इकडे माझी पेन्सिल चालायची. आठ दिवसांनी डोकं असं झालं की जेवताना समोरच्या माणसाच्या मानेची जाडी कुठल्या वर्गात बसते ते मी बघायचो.

माझा राग तेव्हा नाकावर असे. हाक तोंडातल्या तोंडात आली की मी शिव्या घालायचो. फक्त एकाला कधी घातल्या नाहीत. चौघांत तो सगळ्यात म्हातारा, त्याच दऱ्यांमधल्या एका पाड्यावरचा. पाडा म्हणजे सहा झोपड्या. मी त्याला बाबा म्हणायचो, तो मला भाऊ म्हणायचा. त्याचा आवाज असा खणखणीत की दोन टेकड्यांपलीकडून "धावडा" ऐकू यावा.

त्याच्या पाड्याखालची दरी आली आणि तो आवाज बंद पडला. बाकीचे तिघे पुकारत होते. हा मात्र एका मोठ्या मोहाजवळ गेला, खोडावर तळहात टेकवला, आणि पट्टा न लावता, रेघ न ओढता पुढे झाला. पुढच्या मोहाजवळ पुन्हा तेच. मी जागेवरूनच ओरडलो, "काय हो बाबा, घसा बसला का?"

तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, या मोजू नको. या मना घरना माणसं शेतस. घरना माणसं कोनी मोजस का?"

मग त्यानं बोट न दाखवता, नुसत्या मानेनं सांगितलं. तो आजीचा. तो थोरल्या मुलाचा, त्याच्या जन्माच्या वर्षी घराच्या वाट्याला आलेला. तो सुनेचा, लग्न होऊन आली तेव्हा तिला दिलेला. चैत्रात पहाटे फुलं गळायची, बायका झाडाखालची जागा झाडून टोपल्या भरायच्या, आणि ती वाळवलेली फुलं नवं धान्य येईपर्यंत पाड्याला पुरायची. डोंगरावरचं शेत पावसावर, कधी पिकायचं, कधी नाही. मोह होते म्हणून चुली पेटत होत्या. हे त्यानं समजावून सांगितलं नाही. माझ्या शेजारी उभा राहून झाडांकडे बघत होता, तेवढ्यावर मला कळलं.

मला ते कळलं, हाच घोटाळा झाला. एखादा पुण्या-मुंबईचा कारकून असता तर त्यानं म्हाताऱ्याला वेड्यात काढलं असतं आणि झाडं मोजली असती. मी सोनगीरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. आमची आई ताटातल्या भाकरी मोजू द्यायची नाही. गोठ्यातली वासरं मी एकदा मोठ्यानं मोजली म्हणून तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता, आणि त्याच महिन्यात त्यातलं एक मेलं तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. आपलं जे आहे ते मोजायचं नसतं, नजर लागते, हे माझ्या अंगातच होतं. त्यात आणखी एक गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होती: सरकार जे लिहून घेतं ते सरकार घेऊन जातं. जमीन मोजली की सारा वाढतो. झाडं मोजली की झाडं जाणार. म्हटलं, आपल्या हातात पेन्सिल आहे, एवढं पुण्य करून टाकू.

वहीत मोहाच्या रकान्यात मी लिहिलं, निरंक. म्हणजे काही नाही. तिघांना दम भरला की इथले मोह पुकारायचे नाहीत. त्यांनाही ते पटलेलं होतं, कुणी कारण विचारलं नाही. निघताना म्हाताऱ्याच्या सुनेनं पळसाच्या पानावर भाजलेला मोह आणून दिला. मी खाल्ला. खरं सांगतो, त्या दिवशी मी स्वतःवर भलता खूश होतो.

पुढच्या वर्षी धुळ्याच्या कचेरीत आराखड्याची स्वच्छ नक्कल करायला मलाच बसवलं. लिहिता लिहिता एका कलमावर आलो आणि हात थांबला. ज्या दरीत मोहाची झाडं नोंदलेली आहेत, तिथली ती झाडं गावकऱ्यांच्या उपयोगासाठी राखावीत. ज्या दरीत मोह निरंक, ती सरसकट तोडीला मोकळी. ते कलम मी तीनदा वाचलं. मी ज्यांना लपवलं होतं तेवढेच उघडे पडले होते.

साहेब शेजारच्या खोलीत होते. उठून आत जायचं आणि एवढंच सांगायचं, की साहेब, त्या दरीची वही खोटी आहे, मी खोटी लिहिली. मी उठलो. दारापर्यंत गेलोही. साहेबांनी मान वर करून विचारलं, "काय?" मी म्हणालो, "शाई संपली." खोटी वही लिहिणाऱ्याला खात्यात ठेवत नाहीत. घरी बायको पोटुशी होती. परत येऊन मी माझ्या सुवाच्य अक्षरात निरंक लिहिलं, आणि मनाशी म्हणालो, त्या दरीत साधी बैलगाडी जात नाही, तिथे झाडं तोडायला कोण मरायला जातंय.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर धावू लागल्या, लाकडाच्या कोळशाला कधी नव्हे ती किंमत आली. ठेकेदारांनी जिथे पायवाट नव्हती तिथे रस्ते पाडले. एका दुपारी माझ्या टेबलावर तोडीच्या हुकमांचा गठ्ठा आला आणि त्यात त्या दरीचा नंबर होता. तेव्हाही बोलता आलं असतं. हुकमावर जावक क्रमांक घालून तो कागद मी स्वतःच्या हातानं शिपायाकडे दिला.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मला तिथे पाठवलं. ठेकेदारानं हद्दीबाहेर तोडलं का ते बघायचं होतं, म्हणजे आता बुंधे मोजायचे होते. दरीत पोचलो तर मला दरी ओळखू येईना. ऊन थेट तळाशी पोचत होतं. पाखरू नाही, पान नाही, आणि तरी मला हाका ऐकू येत होत्या. साग दोन, अंजन तीन. मी थांबलो की त्या थांबायच्या, चालू लागलो की पुन्हा सुरू व्हायच्या. त्या आजही येतात. धुळ्याच्या भर बाजारात येतात.

पाड्यावर दोनच झोपड्या उभ्या होत्या. म्हातारा एकीच्या सावलीत बसला होता. थोरला मुलगा आणि सून पोरं घेऊन खाली कापसाच्या जिनिंगात मजुरीला गेलेली, इतरही कुठं कुठं गेलेले. मला वाटलं, आता हा मला धरून विचारणार. विचारायलाच हवं होतं. पण तो उठला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "तू भला मानूस, भाऊ. तू मोजं नही. कोनी तरी दुसरानी मोजं व्हई. नजर लागनी."

मी पिशवीतून वही काढली.

"बुंधे मोजायचे आहेत, बाबा," मी कसंबसं म्हणालो.

"मोजूत ना," तो म्हणाला. "आते कोनी नजर लागी?"

तो माझ्यापुढे चालू लागला. दरीच्या तळापासून, त्या वेळच्या ओळीनं. पहिल्या बुंध्यापाशी वाकला, त्यावर तळहात टेकवला आणि पुकारलं, "मोह!" तोच खणखणीत आवाज. आता मधे झाडं नव्हती, त्यामुळे समोरच्या टेकडीवरून तो परत आला. मी रेघ मारली. "मोह!" आजीचा. "मोह!" मुलाचा. सुनेच्या बुंध्यापाशी तो जरा बसला, मग उठला आणि पुकारलं. मी वहीत बघून रेघा मारत होतो, त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. शेवटच्यापाशी पोचल्यावर मी रेघा मोजायच्या आत तोच म्हणाला, "बावीस." त्याला तो आकडा सगळा जन्म माहीत होता. फक्त उच्चारला नव्हता.

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही, घरच्या माणसाकडून एकदा खात्री करून घ्यावी तसं.

"तू कोनले सांगं नही ना, भाऊ?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. "कुणालाच सांगितलं नाही."

त्यानं समाधानानं मान हलवली, आणि मला पाणी द्यायला झोपडीकडे निघाला.